अंतकाळचे पाणी आणि वेदनेचे औषध

लातूरहून अंबाजोगाईकडे जाताना रेणापूर लागते. रेणा नदीच्या खोऱ्यातील, रेणुकामातेच्या देवळामुळे पंचक्रोशीला ठाऊक असलेले हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. या भूमीने एका शतकात अनेक सत्ता पाहिल्या. १९४८ साली निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला. दवाखान्यांचीही वाट हळूहळू जवळ आली. लातूरला १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले. अंबाजोगाईला १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्यास स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. बार्शीला १९८० नंतरच्या काळात कर्करोगाचे रुग्णालय झाले. रेणापूरच्या दुखणाईत माणसास आता तीन दिशांना तीन आधार आहेत.

परंतु या तिन्ही दिशांनी गेलेल्यांपैकी काही माणसे एक वाक्य ऐकून परत येतात : "आता घरी न्या, सेवा करा." डॉक्टरांचे ते वाक्य खोटे नसते, कठोरही नसते. प्रश्न असा आहे की 'सेवा' म्हणजे काय करायचे, हे त्या घराला कोणी सांगितलेले नसते. त्यानंतरचे चार-सहा महिने, क्वचित वर्षभर, त्या घरातील खाटेवर जे घडते त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. जिचा रोग बरा होणार नाही अशा व्यक्तीचे दुखणे, धाप, मळमळ, जखमा, भीती आणि एकटेपण यांवर उपाय करणाऱ्या शास्त्रास आज 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. आम्ही तिला उपशामक शुश्रूषा म्हणू. मूळ लॅटिन 'पॅलियम' या शब्दाचा अर्थ पांघरण्याचे वस्त्र. आजारी लेकरावर आई पदर घालते, तोच भाव त्या शब्दात आहे.

ही शुश्रूषा परदेशातून आलेली नवी गोष्ट आहे, असे पुष्कळांना वाटते. इतिहास वेगळे सांगतो. आपल्या भूमीतील प्रत्येक धर्माने अंतकाळी उशाशी बसण्याची रीत जपलेली आहे. मात्र शेवटच्या घोटभर पाण्याआधीचे जे वेदनेचे महिने असतात, त्यांना कोणी वाली उरला नाही. तसे का झाले, आणि आम्हां ख्रिस्ती कुटुंबांवर त्याची कोणती जबाबदारी येते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

घोटभर पाण्याची परंपरा

मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. हिंदू घरात जीव जाऊ लागला की माणसाला भुईवर घेतात, मुखात गंगाजल व तुळशीपत्र घालतात, कानाशी नाम घेतात, दूरच्या लेकीबाळींना निरोप धाडतात. मरणारा माणूस एकटा असू नये, हा त्या साऱ्याचा गाभा. पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा या प्रांतात लहान मुलालाही ठाऊक असते. काशीहून आणलेली गंगेची कावड देवाला घालण्याऐवजी नाथांनी ती वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. तहानलेल्या जिवाची तहान हीच पूजेची जागा, असे ही कथा शिकवते. एकनाथांचे देहावसान १५९९ साली झाले. चारशे वर्षांनंतरही ती कथा लोकांच्या तोंडी आहे.

मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी आजाऱ्याची विचारपूस करणे, म्हणजे इयादत, हे धर्मकर्तव्य मानले जाते. अंतकाळी सुरह यासीनचे पठण होते, कलमा ऐकवला जातो, ओठांवर पाणी, आणि घरात असेल तर जमजमचे पाणी, लावले जाते.

बौद्ध परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि सोबतच्या भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हातांनी धुतले. मग संघाला बजावले की ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची करावी. मत्तयकृत शुभवर्तमानातील शेवटच्या न्यायाचा पंचविसावा अध्याय वाचणाऱ्या कोणाही ख्रिस्ती माणसाला हा प्रसंग परका वाटणार नाही. १९५६ सालच्या धम्मदीक्षेनंतर ही परंपरा मराठवाड्यातील लक्षावधी घरांची झाली.

नांदेड तर शीख बांधवांचे तीर्थक्षेत्रच. गुरू गोविंदसिंगांवर हल्लेखोराने वार केला आणि १७०८ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्याच चरित्रात भाई कन्हैयाची आठवण येते. आनंदपूरच्या लढाईत हा सेवक शत्रूच्या घायाळ शिपायांनाही पाणी पाजतो, अशी तक्रार गुरूंकडे गेली. गुरूंनी त्याला शिक्षा केली नाही; पाण्याबरोबर मलमही दिले आणि जखमांना लावावयास सांगितले. पाण्याच्या जोडीला मलम आले, ही बाब आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

जैन परंपरेचा मार्ग याहून निराळा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे आचार्य शांतिसागर महाराजांनी दृष्टी मंदावल्यावर सल्लेखना व्रत घेतले आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. अन्नत्यागाचे हे व्रत आमच्या श्रद्धेत बसत नाही. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात तिला स्थगिती दिली, तेव्हा देशभर त्यावर वाद झाला. तरीही त्या व्रतामागची एक गोष्ट आम्ही शिकण्यासारखी आहे. तेथे मृत्यूचे नाव उघड घेतले जाते, आणि साधकाभोवती समाज दिवसरात्र जागतो.

शेजाऱ्यांच्या परंपरांचा आदर करताना त्यांच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही, कारण त्या आमच्याही घरांत शिरलेल्या आहेत. 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणून वेदनेचे कारण एकदा सापडले की तिच्यावर उपाय शोधण्याची घाई राहत नाही. 'देवाने पाठविलेला क्रूस' या शब्दांनी ख्रिस्ती घरात नेमके तेच होते. शब्द निराळे, परिणाम एकच.

तेल आणि द्राक्षारस

ख्रिस्तसभेचा या बाबतीतला इतिहास काय आहे? दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात तो परका माणूस जखमी वाटसरूला धीर देऊन थांबत नाही. जखमांवर तेल व द्राक्षारस घालतो, त्या बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि पुढील खर्चाची हमी घेतो. औषध, निवारा, सोबत आणि पैसा, ही चारही अंगे त्या एका दाखल्यात आहेत. चौथ्या शतकात संत बाझिल यांनी कैसरिया नगरीबाहेर आजारी, महारोगी व निराधार यांच्यासाठी वसाहत उभारली, आणि त्याच शतकाच्या अखेरीस फाबिओला या रोमन विधवेने आपली संपत्ती विकून रोममध्ये रुग्णालय काढले. मध्ययुगात यात्रेकरूंच्या वाटांवर मठांनी धर्मशाळा चालविल्या. थकलेला, आजारी, मरणोन्मुख यात्रेकरू तेथे विसावत असे. 'हॉस्पिस' हा शब्द तेथूनच आला.

सोळाव्या शतकात संत कमिलस दे लेलिस यांनी आजाऱ्यांच्या सेवेस वाहून घेतलेला संघ स्थापिला. मरणाऱ्याच्या उशाशी शेवटपर्यंत राहणे हे त्या संघाचे ब्रीद ठरले. त्याच शतकात, ६ मे १५४२ रोजी, संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. त्यांनी राहण्यासाठी रुग्णालय निवडले, आणि रात्री सर्वांत अत्यवस्थ आजाऱ्याच्या खाटेजवळ जमिनीवर अंथरूण टाकले. कण्हण्याचा आवाज आला की उठता यावे, एवढाच त्यामागे हेतू. आमच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात या अंथरुणालाही स्थान आहे.

एकोणिसाव्या शतकात रुग्णालये शास्त्राच्या आधारे रोग बरे करू लागली, ही मानवजातीची मोठी कमाई होय. तिची एक किंमत मात्र पडली. जो बरा होणार नाही तो खाट अडवून बसलेला ठरला. हे उणेपण प्रथम स्त्रियांच्या ध्यानी आले. फ्रान्समधील लियाँ येथे जान गार्निए या विधवेने १८४२ साली मरणोन्मुख रुग्णांच्या सेवेसाठी स्त्रियांचा संघ उभारला. डब्लिनमध्ये मदर मेरी एकेनहेड यांच्या धर्मभगिनींनी १८७९ साली अशा रुग्णांसाठी निवासगृह उघडले. त्याच भगिनींनी १९०५ साली लंडनमधील हॅकनी भागात संत योसेफांच्या नावाने दुसरे गृह काढले. संत योसेफ हे सुमरणाचे आश्रयदाते. नाव सहज सुचलेले असावे.

१९५८ साली याच गृहात सिसिली साँडर्स नावाच्या डॉक्टर रुजू झाल्या. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका, आणि वेदनेचा अभ्यास करता यावा म्हणून पुढे डॉक्टर झालेल्या. त्या कॅथलिक नव्हत्या. धर्मभगिनींच्या मायेला त्यांनी शास्त्राची जोड दिली. तोपर्यंत रुग्ण कळवळून मागेल तेव्हा मॉर्फीन दिले जाई. साँडर्स यांनी ते घड्याळ पाहून, वेदना परत येण्याआधी, नेमक्या मात्रेत द्यावयास सुरुवात केली. रुग्ण गुंगीत न जाता शुद्धीवर, बोलते राहू लागले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, घरच्या चिंतेची आणि आत्म्याचीही असते, हा त्यांचा सिद्धान्त 'समग्र वेदना' या नावाने जगभर गेला. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापिले आणि आधुनिक उपशामक शुश्रूषेचा पाया घातला.

कोलकात्यापासून वांद्र्यापर्यंत

आपल्या देशात मदर तेरेसांनी १९५२ साली कोलकात्याच्या कालीघाटाजवळ निर्मल हृदय उघडले. रस्त्यावर मरणाऱ्याला छप्पर, स्वच्छ कपडा व माणसाचा स्पर्श मिळावा आणि त्याच्या धर्माप्रमाणे त्याचे अंत्यविधी व्हावेत, हा तेथील दंडक होता.

महाराष्ट्रात मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि लातूर-नांदेडचे कर्करुग्णही परळच्या त्या फुटपाथपर्यंत जाऊ लागले. त्याच रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याच्या माउंट मेरी टेकडीवर शांती आवेदना आश्रम स्थापिला. भारतातील हे पहिले हॉस्पिस होय. बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांची तेथे विनामूल्य, धर्म न विचारता, धर्मभगिनींच्या हातून शुश्रूषा होऊ लागली. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही शाखा निघाल्या. पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्ला संस्थेचे केंद्र आले. तेथे रुग्णासोबत घरच्या माणसालाही ठेवून घेऊन शुश्रूषा शिकविली जाते.

आणखी एक उदाहरण नोंदविल्याविना पुढे जाता येत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची निगा राखली. २०११ साली त्यांच्या संदर्भातील दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हा न्यायमूर्तींनी या परिचारिकांच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. त्या परिचारिका निरनिराळ्या जातिधर्मांच्या होत्या.

अफूची गोळी आणि कायद्याचे कुलूप

शास्त्र सिद्ध झाले, नमुना वांद्र्याला उभा राहिला. मग रेणापूरच्या खाटेपर्यंत वेदनेचे औषध का पोहोचले नाही? याचे उत्तर अफूच्या इतिहासात आहे.

अफू आपल्या घरांना नवी नव्हती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. रडणाऱ्या तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजविण्याची घातक चालही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. या अनुभवातून समाजाच्या मनात अफूविषयी भय बसले आणि ते निराधार नव्हते. तथापि याच अफूतून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधी सेर्ट्युर्नर यांनी मॉर्फीन वेगळे काढले होते, आणि कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर त्याच्या तोडीचे औषध आजही विरळा.

१९८५ साली भारतात अमली पदार्थविरोधी कायदा झाला. नशेच्या व्यापाराला आळा घालणे हा त्याचा योग्य हेतू होता. पण औषधी मॉर्फीनही त्याच कुलपात गेले. साठा करण्यास, वाहतुकीस, वापरास निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागू लागले. चुकीला कठोर शिक्षा होती. औषधविक्रेत्यांनी ते ठेवणे सोडले आणि डॉक्टरांच्या नव्या पिढ्या ते कसे द्यावे हे न शिकताच बाहेर पडल्या. देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर १९८५ च्या सुमारास वर्षाला सुमारे ६०० किलो होता. १९९७ साली तो अवघ्या १८ किलोवर आला. औषधासाठी कायदेशीर अफू पिकवून जगाला पुरविणाऱ्या प्रमुख देशांत आपली गणना होते, आणि आपलेच रुग्ण तिच्यावाचून तळमळत होते. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषधे देण्याची पद्धत जगापुढे ठेवली. भारतात नेमक्या त्याच सुमारास दरवाजा बंद होत होता.

तो पुन्हा उघडण्याचे काम फार चिकाटीने झाले. १९९३ साली कोझिकोडे येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी मित्रांसह वेदनामुक्तीचे केंद्र काढले. १९९४ साली या क्षेत्रातील डॉक्टरांची अखिल भारतीय संघटना झाली. अखेर २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. अत्यावश्यक औषधांसाठी अनेक परवान्यांऐवजी एकाच यंत्रणेची संमती पुरेशी ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फीन ठेवणे सुकर झाले. कायद्याचे कुलूप सैल झाले आहे. मनाचे कुलूप अजून पुरते उघडलेले नाही.

आमच्या घरांतील तीन समजुती

पहिली समजूत अशी की वेदना सोसणे हीच भक्ती, आणि ती कमी करणे म्हणजे क्रूस नाकारणे. ख्रिस्तसभेची शिकवण अशी नाही. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरांसमोर या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले. वेदना शमविणारे औषध घेणे ख्रिस्ती माणसास पूर्णपणे उचित आहे. दुसरा उपाय नसेल आणि वेदना शमविणे एवढाच हेतू असेल, तर त्या औषधाने आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरीही ते घेता येते. मात्र गंभीर कारणाविना माणसाची शुद्ध हरपू देऊ नये. ५ मे १९८० च्या रोमच्या घोषणापत्राने पुढे म्हटले की कोणी स्वेच्छेने काही वेदना प्रभूच्या दुःखात सहभाग म्हणून स्वीकारली तर ती आदरणीय आहे. पण अशी वीरवृत्ती सर्वांवर नियम म्हणून लादणे शहाणपणाचे नाही. आजारी माणूस स्वतः काही अर्पण करील तर तो त्याचा व परमेश्वराचा प्रश्न. खाटेशेजारी उभे राहून दुसऱ्याची वेदना अर्पण करण्याचा अधिकार आम्हांपैकी कोणालाही नाही. १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथाने तर उपशामक शुश्रूषेला निःस्वार्थ प्रीतीचे विशेष रूप म्हटले आणि तिला उत्तेजन द्यावे असे सांगितले. दयामरण ख्रिस्तसभा नाकारते. मरण मागण्याइतकी वेदना कोणाच्या वाट्यास येऊ नये, ही जबाबदारी त्या नकाराबरोबरच आम्हांवर येते. २०२० साली रोमहून निघालेल्या 'समारितानुस बोनुस' या पत्राने दयाळू शोमरोन्याच्या नावानेच हे दोन्ही मुद्दे एकत्र मांडले.

दुसरी समजूत रुग्णाभ्यंगाविषयी. धर्मगुरू तेल घेऊन दारात आले म्हणजे संपले, अशा भीतीने आमच्यातील पुष्कळ घरे त्यांना बोलावणे लांबवितात आणि शेवटी बेशुद्ध माणसाच्या कपाळी तेल लागते. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'अंत्याभ्यंग' या नावापेक्षा 'रुग्णाभ्यंग' हे नाव अधिक योग्य ठरविले, आणि १९७२ साली सहावे पॉल यांनी विधीची नवी रचना दिली. गंभीर आजार व वार्धक्य सुरू होताच हा संस्कार घ्यावा, आजार बळावल्यास पुन्हा घ्यावा, अशी आज शिकवण आहे. शुद्धीत असलेल्या आजाऱ्याला कुटुंबासह प्रार्थना करता यावी, रुसवेफुगवे मिटवता यावेत, पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद घेता यावा, हा त्यातला लाभ आहे. अगदी अखेरच्या वाटेसाठी असतो तो शिदोरीरूप ख्रिस्तप्रसाद.

तिसरी समजूत सत्य लपविण्याची. "बाबांना सांगू नका, ते खचतील," हे वाक्य कोणत्याही धर्माच्या घरात सारखेच ऐकू येते. त्यामागे माया असते. परंतु बाबांना सारे कळलेले असते आणि ते मुलांसाठी न कळल्याचे नाटक करीत असतात. दोन्ही बाजूंची माणसे भिंतीच्या दोन अंगांनी एकटी रडतात. विचारल्याशिवाय सारे ओतून टाकावे असे कोणी म्हणत नाही. आजाऱ्याने विचारले तर मात्र खोटे बोलू नये, आणि त्याला काय हवे आहे हे त्यालाच विचारावे. देशाच्या कायद्यानेही हा मान दिला आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि शुद्धीत असताना उपचारांविषयीची आपली इच्छा लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. असह्य ओझे ठरणारे व निष्फळ उपचार नाकारणे आणि जीव घेणे यांत फरक आहे, हे ख्रिस्तसभाही पूर्वीपासून सांगत आली आहे. अन्न, पाणी, स्वच्छता व माया ही मात्र नेहमीची निगा. ती थांबवावयाची नसते.

मराठवाड्यापुढील काम

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीखाली गेली आणि सारा देश धावून आला. ते ऋण हा प्रदेश विसरणार नाही. एका खाटेवर महिनोन्‌महिने खचत जाणाऱ्या घराकडे मात्र कोणी धावत नाही. त्याचा आवाज शेजारच्या गल्लीतही पोहोचत नाही. उपशामक शुश्रूषा ही अशा निःशब्द पडझडीची मदत आहे.

ग्रामीण भागातील कर्करोगाची शास्त्रशुद्ध मोजदाद देशात प्रथम आमच्याच परिसरात झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाने १९८७ साली बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांची कर्करोग नोंदणी सुरू केली. पुढे टाटा मेमोरियल व आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या साह्याने उस्मानाबाद जिल्ह्यातील एक लाख तीस हजारांहून अधिक स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला. विषाणूच्या एकाच तपासणीने त्या रोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी होतात, हे त्यातून २००९ साली जगाला कळले. रोगाची गणती व प्रतिबंध यांत ज्या भूमीने जगाला धडा दिला, तिला शुश्रूषेचा धडाही अवघड जाऊ नये.

तो कसा द्यावा, हे केरळने दाखविले आहे. १९९९ नंतर मलप्पुरम व परिसरात शेजारसंघ उभे राहिले. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी यांना काही तासांचे शिक्षण देऊन आठवड्यातून एकदा आजाऱ्याच्या घरी पाठविले जाऊ लागले. डॉक्टर व परिचारिका मागे उभ्या राहिल्या, पैसा गावाने जमविला. देवळे, मशिदी व चर्चे यांतील माणसे त्यात एकत्र आली. २००८ साली त्या राज्याने असे धोरणच आखले आणि २०१२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम आखला.

औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. त्यातील लातूर-नांदेडकडील आमची घरे थोडी व विखुरलेली आहेत. चर्च व धर्मगुरू पुष्कळदा दूर असतात. म्हणूनच हे काम केवळ धर्मगुरूंवर सोपविता येणार नाही. प्रत्येक धर्मग्रामात चार-सहा जणांनी जिल्ह्याच्या रुग्णालयातून रीतसर शिकून घ्यावे : अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी कशी बदलावी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, कोरडे तोंड ओल्या कापसाने कसे पुसावे, वेदना किती आहे हे कसे विचारावे. मॉर्फीन जवळपास कोणत्या रुग्णालयात मिळते, डॉक्टर ते कसे लिहून देतात, सोबत बद्धकोष्ठाचे औषध का लागते, याची माहिती चर्चच्या फलकावर असावी. दिवसरात्र जागणाऱ्या सुनेला किंवा लेकीला आठवड्यातून एक दुपार झोप मिळावी म्हणून कोणीतरी जाऊन बसावे. ११ फेब्रुवारी हा दिवस १९९३ सालापासून जागतिक रुग्णदिन म्हणून ख्रिस्तसभेत पाळला जातो. त्या दिवसाच्या मिस्सापासून या कामाचा आरंभ करण्यास काय हरकत आहे?

आणि हे सारे केवळ आपल्याच घरांपुरते नसावे. रेणापूरसारख्या गावात ख्रिस्ती माणसाच्या खाटेजवळ बसणारी शेजारीण बहुधा हिंदू, मुसलमान वा बौद्ध असते, आणि तिच्या घरावर अशी वेळ आली तर जाऊन बसणारे आम्हीच असतो. तिच्या घरी गंगाजल द्यावयाचे की जमजम, कानाशी कोणते नाम घ्यावयाचे, हे तिच्या घराने ठरवावे. तेथे प्रार्थना लादू नये, मागितली तर नाकारू नये. वेदनेच्या गोळीला धर्म नाही, कूस बदलणाऱ्या हातालाही नाही.

मरणाऱ्याच्या ओठांना पाणी लावण्यास आपल्याकडे कोणी चुकत नाही. त्या पाण्याच्या सहा महिने आधी कोणीतरी येऊन "कोठे दुखते?" असे विचारावे, आणि उत्तर ऐकून औषधाची वाट धरावी, एवढाच या इतिहासाचा आम्हांकडे तगादा आहे. सिसिली साँडर्स यांनी हॅकनीच्या धर्मभगिनींच्या घरात जे केले, ते रेणापूरच्या घरातही होऊ शकते. त्याला लागणारे ज्ञान, कायदा आणि औषध आज उपलब्ध आहे. उशाशी बसणारी माणसे आम्हांला पुरवावी लागतील.